मी फक्त तुलना सांगतो

३ एप्रिल १९९५, सोमवार

डेलने आज मला तंबूंमधून उचललं आणि पिस्तुलांच्या काउंटरमागे उभं केलं! आधीचा माणूस फ्लोरिडाला गेला म्हणे. “यू आर गुड विथ डिटेल्स, ईश.” डेल आमच्या दुकानाचा मॅनेजर. मला ईश म्हणतो. माझ्या जन्माच्या वेळी आम्ही अजून बौद्ध व्हायचे होतो, म्हणून वडिलांनी ईश्वर ठेवलं. ज्याला मी मानत नाही त्याचं नाव आयुष्यभर वागवतोय, आणि डेलने तेही अर्धंच ठेवलं.

म्हटलं, दुसरं काही दे. म्हणाला, फिशिंग? मासे — जीव. धनुष्यबाण? तेच. गळाला लावायचे किडे? ते तर डोळ्यांसमोर वळवळतात. खेळाच्या सामानाचं एवढं मोठं दुकान, वर रॅकेटकडे जागा नाही, आणि खाली पंचशीलाला चालेल असा विभाग एकच — तंबू. तिथे आता डेलचा भाचा येतोय.

उपासकाने शस्त्रांचा व्यापार करू नये, हे भगवंतांनी अगदी स्वच्छ सांगून ठेवलंय. पळवाट नाही. रोज सकाळी मी पाणातिपाता वेरमणी — जीवहिंसा करणार नाही — म्हणणार, आणि मग जाऊन हे करणार!

सोडून द्यावं? आमची मीटर बनवायची फॅक्टरी शरद ऋतूत बंद पडली. एकोणपन्नाशीच्या टेक्निशियनला कोणी दारात उभं करत नव्हतं. या नोकरीच्या इन्शुरन्सवर रत्नाचं इन्सुलिन चालतं. नोकरी गेली तर ते गेलं. शील ठेवू की इन्सुलिन?

झोप येणार नाही असं वाटत होतं. येतेय.

४ एप्रिल

रत्नाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

“तुम्ही विकू नका ना. नुसतं दाखवा.”

“म्हणजे?”

“सीताबर्डीवर साडीच्या दुकानात मी काय करते? सगळ्या साड्या काढायला लावते. हिचा काठ, तिचा पदर, तिचा रंग जाईल का. आणि शेवटी — बघून येते, भाऊ! तो बिचारा घड्या घालत बसतो. गिऱ्हाइकाला इतकी तुलना सांगा, इतकी सांगा, की डोकं गरगरलं पाहिजे त्याचं.”

पंचवीस वर्षं संसार केला. बाई इतकी पोचलेली आहे हे आज कळलं!

तर ठरलं. मी विकणार नाही. मी फक्त तुलना सांगणार. तरीही कोणी घेतलंच, तर बिल डेल फाडेल. व्यापार त्याचा, ज्ञान माझं. (भगवंत हसत असतील. हसू देत.)

७ एप्रिल

अभ्यास करतोय. लायब्ररीतून मासिकं आणली. उपासना कॉलेजातून आली होती, टेबलावरचा गठ्ठा बघून म्हणाली, “बाबा, व्हॉट इज दिस?” म्हटलं, होमवर्क. “यू आर सो वियर्ड.”

इथे शेरीफकडून परवाना काढून माणसं रोज अंगावर पिस्तूल बाळगतात. त्यासाठी लहान पिस्तुलं वेगळी. पाच गोळ्यांचं आखूड रिव्हॉल्व्हर — अडकत नाही, पण पोटाशी फुगवटा येतो. चपटं, छोट्या गोळीचं — खिशात मावतं, पण पकडायला बोटं पुरत नाहीत. लोखंडी, जरा मोठ्या गोळीचं — हातात छान बसतं, संध्याकाळी कंबर दुखते. आणि ऑस्ट्रियाचं प्लास्टिकचं, त्याची आखूड आवृत्ती यंदा निघणार अशी सगळीकडे चर्चा. एकंदर मला असं समजलं — जे खिशात हलकं, ते हातात उसळतं. जे हातात शांत, ते कमरेला जड. सुख कुठेच नाही. हे मला नवीन नव्हतं.

९ एप्रिल, रविवार

एक शंका होती — दिवसभर कमरेला बाळगून कसं वाटत असेल? घरी तर असलं काही आणायचं नाही. मग खलबत्त्यातला बत्ता पँटच्या पट्ट्यात खोचला आणि दिवसभर वावरलो. वजन साधारण तेवढंच भरलं. गाडीत पट्टा बांधला की बरगडीत. मांडी घातली की जांघेत. संध्याकाळी वंदनेला बसलो, तिसऱ्यांदा वाकलो, आणि बत्ता निसटून घरंगळत थेट भगवंतांपुढे!

रत्ना हसून हसून आडवी झाली. मी बत्ता उचलला, क्षमा मागितली, पुन्हा वाकलो. आज लसूण कशाने ठेचायचा, हा तिचा प्रश्न शेवटपर्यंत होता.

११ एप्रिल

युक्ती चालते! एक प्लंबर आला. म्हणाला, रोज बाळगायला चांगलं कुठलं? म्हटलं, तुम्ही दिवसभर सिंकखाली आडवे असता ना? मग पाठीमागे नको, टोचेल. पुढे नको, पोट आहे. घोट्याला? ओल्या तळघरात गंज चढेल. खिशात? खिशात पाने असतात. एकेक काढून दाखवलं. नियम असा की काउंटरवर एका वेळी एकच. दर वेळी उघडून, रिकामं आहे ते आपण बघायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, मगच हातात द्यायचं. याने वेळ फार छान जातो. मग म्हटलं, आता बूट बांधून दाखवा. वाकला. उठला. घाम पुसला. म्हणाला, “लेट मी थिंक अबाउट इट.”

बघून येतो, भाऊ!

जाताना टॉर्च घेऊन गेला. शीलात टॉर्चबद्दल काही नाही.

१६ एप्रिल, रविवार

आज ईस्टर, दुकान बंद. बाबासाहेबांची जयंतीही आजच ठेवली होती, पार्सिपनीला, शाळेच्या हॉलमध्ये. पहाटे निघालो. दिगंबर आमच्याच गाडीत. तोही आमच्या फॅक्टरीतला, माझ्याच बेंचवर काम करायचा. लतावहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून आमच्या गावात एकटाच अपार्टमेंटमध्ये राहतो. मुलगा राजीव सांता क्लाराला. फॅक्टरी सुटल्यावर दिगंबरला कन्सल्टिंगचं काम मिळालं म्हणे. कसलं ते नीट सांगत नाही. मीही कुठे सांगतो!

वाटेत त्याला माझ्या काउंटरचं सांगून टाकलं. याच्यापुढे लपवणं जमत नाही. अर्धा तास हसत होता. “अबे भंते, तू तर एकदम अंगुलिमालाकडून उलटा निघालास! तो हत्यार टाकून विहारात गेला, तू विहारातून हत्यारांत!” तेव्हापासून हॉलभर मला बघितलं की दोन बोटांचं पिस्तूल करून फुंकर मारायचा. मी घाबराघुबरा.

प्रफुल्ल देशभ्रतार — आमच्या मंडळाचे सेक्रेटरी — म्हणाले, “ईश्वरकाका, बुद्धपौर्णिमेला पंचशील तुम्ही द्यायचं. तुमच्याइतकं नियमाने पाळणारं कोण आहे?” मागे दिगंबर खोकला. खोटा खोकला, मला कळतो. “काका, हल्ली काम कुठे?” “स्पोर्ट्सच्या दुकानात.” रत्ना चटकन म्हणाली, “रॅकेट वगैरे असतात ना.” असतात. दुसऱ्या मजल्यावर.

हो म्हणून बसलो. १४ मे.

परत येताना दिगंबर गप्प होता. थकला असेल.

२२ एप्रिल

घात झाला! जे बघून येतो म्हणून गेले होते, ते सगळे बघून परत आले. आणि सोबत मित्र घेऊन आले! “दॅट्स द गाय. ही टेल्स यू द ट्रुथ.” प्लंबर आपल्या मेव्हण्याला घेऊन आला. एक शाळेतल्या बाई आल्या, त्यांना सांगितलं की पर्समध्ये ठेवाल तर पर्स चोरली जाईल तेव्हा पिस्तूलही जाईल. त्यांनी खुश होऊन आधी बेल्ट घेतला, मग पिस्तूल. रांग लागली. डेल बिलं फाडतोय, मी तुलना सांगतोय.

रत्नाला सांगितलं. लाटणं थांबलं. “साडीवाल्याकडे मी शेवटी परत जायचेच की हो,” म्हणाली. “हे तुम्हाला सांगायचं राहिलं.”

२८ एप्रिल

सेल्समन ऑफ द मंथ! दाराशी माझा फोटो लावलाय. उपासना म्हणाली, “बाबा, दॅट्स अॅक्चुअली कूल.” मी फोटोखालून मान खाली घालून जातो. पार्सिपनीचं कोणी इकडे हरणांच्या शिकारीला येऊ नये एवढीच इच्छा.

२ मे, मंगळवार

आज काउंटरवर दिगंबर! मी आधी चेष्टाच समजलो. दोन बोटं वर करून फुंकर मारली, तो हसला नाही. म्हणाला, “एक घ्यायचंय.” म्हटलं, कोणासाठी? “माझ्यासाठी. आजूबाजूला चोऱ्या होतायत.”

मग काय, मला चेव चढला. एवढे दिवस माझी टर उडवली, आता बघ म्हटलं! रिव्हॉल्व्हर काढलं, उघडून दाखवलं, फुगवट्याचं सांगितलं. “चालेल.” थांब, म्हटलं, हे चपटं बघ. “हेही चालेल.” गाडीत बसल्यावर टोचेल. “टोचू दे.” हलकं घेशील तर हातात उसळेल बरं. “काय फरक पडतो?” पट्ट्यात बाळगणार की खिशात? म्यान — होल्स्टर? “कशाला.” शेरीफकडून परवाना काढलास? “नाही रे. तू दे कुठलंही.”

माझी सगळी वाक्यं संपली. असं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं. डेलने फॉर्म भरून घेतला. पोलिसांकडून मंजुरी यायला आठवडा लागतो, मग मिळतं. दिगंबर म्हणाला, “आठवडा? बरं.” आणि गेला. साधं भंतेसुद्धा म्हणाला नाही.

हरलो त्याच्यापुढे. तुलनेचा काही परिणामच नाही पठ्ठ्यावर.

नंतर

ताटावर बसलो होतो. घास हातातच राहिला.

त्याने काहीच विचारलं नाही. रोज बाळगायचं असेल तर माणूस वजन विचारतो. उद्या कंबर दुखेल का, उन्हाळ्यात शर्ट पातळ असतो तेव्हा दिसेल का, गंजेल का. सगळे विचारतात. अगदी मूर्खही विचारतात. उद्याचं ओझं ज्याला उचलायचंय तो हलकं-जड बघतोच.

रत्नाला म्हटलं, दिगंबरने तुलना केली नाही. तिने हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, “उद्या जा त्याच्याकडे. आज फोन करा, काहीतरी कारण काढून.” फोन केला. खीर कशी करायची विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही. त्याने सांगितली, लतावहिनींची पद्धत. आवाज नेहमीचाच होता. तेच वाईट.

३ मे

सकाळी आधी डेलला सांगितलं. वाटलं होतं हसेल, किंवा म्हणेल, विक्री ती विक्री. त्याने फॉर्म शोधला आणि माझ्यासमोर फाडला. “आय शुड हॅव सीन इट. ही नेव्हर आस्क्ड अबाउट द ट्रिगर.” मग बराच वेळ काचेवर बोटांचे डाग नसतानाही काच पुसत राहिला. त्याचंही कोणीतरी असंच गेलंय, असं वाटलं. विचारलं नाही.

म्हटलं, पण गावात अजून दुकानं आहेत. म्हणाला, फोन करतो सगळ्यांना. आणि मला दिवसभराची सुट्टी दिली.

दिगंबरचं अपार्टमेंट चकाचक! हा माणूस बेंचवर स्क्रू पसरून ठेवणारा. फ्रिज रिकामा. कामाचं विचारलं तर म्हणाला, कन्सल्टिंग वगैरे काही नाही, शरद ऋतूपासून काहीच नाही. राजीवलाही खोटंच सांगितलंय. मला म्हणाला, “तो टेबलफॅन घेऊन जा. मला लागत नाही. आणि कुकरही.” उन्हाळा तोंडावर आलाय आणि याला पंखा लागत नाही!

सरळ विचारायला हवं होतं. धीर झाला नाही. तोंडातून निघालं — “अरे, माझी गाडी बंद पडलीय. आठवडाभर मला दुकानात सोडशील का? सकाळी ने, संध्याकाळी आण. जेवायला आमच्याकडेच.” तो म्हणाला, आज कसा आलास मग? म्हटलं, चालत. पाच मैल! त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. त्याची चावी घेतली आणि मला घरी सोडलं.

(माझी गाडी त्याच्याच इमारतीच्या मागे उभी होती. अंधार पडायच्या आत रत्नाला शेजारच्या काकूंसोबत पाठवून आणवली. मग बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढून ठेवली. पहिलं शील राखायला चौथं मोडलं. मुसावादा, खोटं बोलणं. उद्या नीट क्षमा मागेन, आज वेळ नाही.)

५ मे

दिगंबर नियमाने येतो. मी दुकानात असतो तेव्हा रत्ना त्याला सोडत नाही — नळ गळतोय, टीव्ही खरखरतोय, मिक्सर आवाज करतोय. अर्ध्या वस्तू तिने स्वतः बिघडवल्यात. मिक्सर जरा जास्तच बिघडवला, तो आता कायमचा गेला. दिगंबर निमूट दुरुस्त करतो. समोर येईल ते खातो. चेष्टा नाही. कोणी बटण दाबल्यासारखा.

६ मे

रात्री इथेच झोप, म्हणून सांगितलं. का? विचारलंही नाही. झोपला.

८ मे, सोमवार

सकाळी अंगणात आलो तर दिगंबर माझ्या गाडीचं बॉनेट उघडून उभा. हातात वायर.

“भंते. ही आपोआप नाही निघत.”

मी बॉनेट खाली ओढायला गेलो, त्याने धरून ठेवलं.

“मिक्सरमध्ये साबुदाणा कोणी टाकला, वहिनींनी?”

“हो.”

“केव्हापासून माहितीय तुला?”

म्हटलं, तू वजन विचारलं नाहीस तेव्हापासून. आणि ते डेलने रद्द केलंय. आणि गावातली बाकीची दुकानंही तुला देणार नाहीत. आणि तू पाहिजे तर मला मार, पण आज तू कुठेही जाणार नाहीस.

तो गाडीच्या बंपरवर बसला. मीही बसलो. गाडी दोघांच्या वजनाने खाली गेली. मग म्हणाला, “लता गेल्यापासून घरी परत यायला कारण नव्हतं. मग जायलाही राहिलं नाही.” पुढचं इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे.

नंतर आत येऊन राजीवला फोन लावला, माझ्यासमोर. खरं सांगितलं. पलीकडून राजीव नुसतं “बाबा, बाबा” म्हणत होता, ते मला इकडे ऐकू येत होतं. तो गुरुवारी येतोय. रत्नाने काउंटीच्या हॉस्पिटलमधल्या काउन्सेलरची वेळ घेतली. “मीही आत जाऊन बसणार,” म्हणाली. काउन्सेलर नाही म्हणू शकेल असं वाटत नाही.

वायर मात्र त्यानेच लावून दिली. मी काढण्याआधीच सैल होती म्हणे.

११ मे

राजीव आला. उंच झालाय. दोघं मागच्या अंगणात बसले होते. आम्ही खिडकीतून बघत नव्हतो. (बघत होतो.)

१२ मे

प्रफुल्लला फोन करून सांगितलं, पौर्णिमेला येत नाही. “काका, पंचशील कोण देणार मग?” म्हटलं, दुसरं कोणीही, माझं आधी मलाच घ्यायचंय. आणि मी पिस्तुलं विकतो हेही सांगून टाकलं. मग प्रफुल्ल हळूच म्हणाला, “काका... रोज बाळगायला कुठलं बरं हो?”

फोन ठेवून दिला.

१४ मे, रविवार. बुद्धपौर्णिमा

घरीच वंदना. रत्ना, मी, राजीव, दिगंबर. उपासना परीक्षेमुळे नाही. मी शील म्हणत गेलो, ते मागून म्हणत होते. पहिल्या शीलाला दिगंबर थांबला. आम्ही तिघंही थांबलो. माझ्या आयुष्यात इतका लांब थांबा वंदनेत कधी आला नाही. हे शील मी आजवर दुसऱ्यांच्या जिवासाठीच म्हणत होतो. स्वतःचाही जीव त्यातच मोजलाय, हे आज समोर बसलेल्या माणसाकडे बघून कळलं.

मग तो म्हणाला. पुटपुटला. पण सबंध म्हणाला.

१५ मे

डेलला सांगितलं, मला या काउंटरवरून काढ, नाहीतर मी जातो. म्हणाला, “टेंट्स आर टेकन.” म्हटलं, फरशी पुसेन. तो विचार करतो म्हणाला. रत्नाला सांगितलं. लाटणं थांबलं नाही. “बघू,” म्हणाली.

१६ मे

राजीव अजून चार-पाच दिवस आहे. काउन्सेलर बाई म्हणाल्या, घाई करू नका. दिगंबर येतो, बसतो, पुढ्यात वाढलेलं खातो. गरम-थंड सारखंच. आज रत्नाने चाचणी म्हणून चटणीच्या जागी साखर वाढली. तीही खाल्ली.

१७ मे

जेवताना दिगंबरने ताटाकडे बघितलं, घास गिळला आणि म्हणाला, “वहिनी, राग मानू नका — कालची भाजी याच्यापेक्षा बरी होती.”

रत्ना भयंकर रागावली. मी ताट तसंच ठेवून अंगणात जाऊन उभा राहिलो. हसू आवरेना. नुसतं हसूच नव्हतं ते.